मर्नाचं सॉरी

मर्ना हेगस्टाडच्या तोंडात सॉरी हा शब्द कायम तयार. मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या गावात सगळ्यांचंच तसं, पण मर्ना म्हणजे कहर. खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीला सॉरी. कुणी तिच्या पायावर पाय दिला, तरी सॉरी हीच म्हणणार. आणि आज राजधानीच्या अपील न्यायालयात, तीन न्यायमूर्तींसमोर, तिचाच वकील केंडल नेमकं हेच उगाळत बसला होता.

"महोदया, सकाळी या बाईंनी कोर्टाच्या दाराला सॉरी म्हटलं. मी माझ्या कानांनी ऐकलंय," केंडल म्हणाला. मधल्या न्यायमूर्तींना हसू आलं. "आमच्याकडे सॉरी म्हणजे निव्वळ सवय. तिला चुकीची कबुली धरलं, तर या राज्यात निर्दोष माणूस शोधून सापडायचा नाही!"

सगळे हसले. पलीकडच्या बाकावरचा ओर्लिन ब्राटेन तेवढा हसला नाही. तो पुढ्यातल्या वॉकरची दांडी धरून खाली बघत राहिला.

ओर्लिन तिचा पत्त्यातला जुना भिडू. तिचं तळ्याकाठी दुकान. गळ, दोऱ्या, आमिषाच्या जिवंत मासोळ्या, आणि कोपऱ्यात येणाऱ्याजाणाऱ्यासाठी कॉफी. मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात एका सकाळी ओर्लिन तिच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरला आणि त्याचं कंबरेचं हाड मोडलं. मर्ना धावत बाहेर आली, बर्फात गुडघे टेकून त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडत म्हणाली, "सॉरी रे, माझी चूक. माझीच चूक झाली." अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यानेही ते ऐकलं.

दावा लाव म्हणूनही तीच त्याच्या मागे लागली होती. "अरे, लाव की! विम्याचे हप्ते मी काय हौस म्हणून भरते? कंपनी देईल." यात कुणाला काही वाटायचं कारणच नव्हतं. तिकडे शेजारी शेजाऱ्यावर दावा लावतो आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जेवतो. पण कंपनी आली ती या केंडलला वकील म्हणून घेऊन आली, आणि त्या दिवसापासून मर्नाच्या तोंडाला कुलूप लागलं. ओर्लिनला भेटायचं नाही. फोन करायचा नाही. कंपनीला सहकार्य केलं नाही, तर कंपनी हात झटकेल आणि दुकान विकून पैसे भरावे लागतील. केंडल हे सगळं इतकं गोड बोलून सांगायचा की मेल्याचा रागसुद्धा येऊ नये.

खालच्या कोर्टात तिला विचारलं होतं, "त्या सकाळी पायरीवरचा बर्फ तुम्ही पाहिला होता का?" केंडलने आधीच पढवलं होतं: "आठवत नाही, असंही म्हणता येतं." ती म्हणाली, "आठवत नाही."

ज्युरीने तरीही तिच्या त्या रडवेल्या सॉरीवर विश्वास ठेवला आणि निकाल ओर्लिनच्या बाजूने दिला. म्हणून तर कंपनी अपिलात आली होती. ते सॉरी पुराव्यातून काढा आणि खटला पुन्हा चालवा, एवढंच तिचं मागणं. आणि ते काढलं, की ओर्लिनच्या हातात राहतंय काय? धुपाटणंसुद्धा नाही.

मर्नाला बसवेना. या सबंध प्रकरणात आपण एकच गोष्ट खरी बोललो, आणि नेमकी तीच हा माणूस पुसून टाकतोय! ती ताडकन उभी राहिली.

"सॉरी, पण मला..."

पुन्हा हशा पिकला. केंडलने कपाळाला हात लावला.

"बसा बाई," मधल्या न्यायमूर्ती मायेनेच म्हणाल्या. "इथे साक्ष होत नाही. खालच्या कोर्टात जे कागदावर आलं, तेवढंच आम्हाला दिसतं."

मर्ना बसली. कानशिलं तापली होती.

युक्तिवाद संपले, निकाल नंतर कळवू म्हणाले. बाहेर येताच केंडल फोनवर कुणाला तरी "मस्त झालं" म्हणून सांगायला लागला. ओर्लिन एकटाच वॉकर पुढे ढकलत निघाला होता. मर्नाने त्याला गाठलं.

"ओर्लिन, थांब. सॉरी म्हणायला नाही आले मी."

"बरं झालं. तो शब्द आज पुरेसा ऐकला." त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"मी बर्फ पाहिला होता. पन्हाळ गळून पायरीवर काचेसारखा धरला होता. बर्फावर टाकायच्या मिठाची पिशवी दाराआड होती. म्हटलं, कॉफी उतरवते नि मग टाकते. तेवढ्यात तू आलास. मला सगळं आठवत होतं. कोर्टात खोटं बोलले मी."

मागून केंडलची हाक आली. "मर्ना! एक शब्द बोलू नका!"

"बोलून झालं रे बाबा," ती मान न वळवता म्हणाली.

ओर्लिनने आता कुठे मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "दोन हिवाळे मी स्वतःलाच शिव्या घालतोय. म्हटलं, म्हातारा झालास, पायाखालचं दिसत नाही तुला. आता गाडी चालवू नका म्हणून पोरं किल्ली मागायला लागली, मी देऊनही टाकली. तळ्यावर जायचं सोडलं. मला वाटलं, मीच संपलो."

दुकान, खटला, कंपनी यांचा मर्नाने रात्ररात्र विचार केला होता. हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"पुन्हा खटला उभा राहिला, तर मी हे सांगणार," ओर्लिन म्हणाला. "जसंच्या तसं."

"सांगच. म्हणून तर बोलले."

"दुकान जाईल."

"जाऊ दे."

तो मान हलवून लिफ्टकडे वळला. मर्ना त्याच्या बाजूने चालू लागली. वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा पाय ओढून त्याच्यापाशी, मग जरा थांबणं. पत्त्याचा डाव जिंकला की हाच माणूस तिच्या दुकानात नाचून दाखवायचा. तो आता कसा चालतो, हे ती आज पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होती. ती त्याच्या पावलाने चालत राहिली आणि तिला रडू आवरेना.