मंगळवारचा चौथा गडी

स्ट्रायकर राणीला जेमतेम चाटून गेला आणि थेट भोकात पडला. मास्तरांनी मांडीवर थाप मारली.

"ठेवा सोंगटी! मुकाट्यानं ठेवा, घड्याळवाले!"

"अहो, पावडर जास्त झालीये," तो कुरकुरला.

"पावडर नाही, बोटं जाड झालीत. या बोटांनी घड्याळं कशी उघडता, देव जाणे!"

पोस्टमन खो खो हसला. घड्याळवाल्याच्या जोडीला बसलेल्या शिंप्यानं कपाळाला हात लावला. घड्याळवाल्यानं जिंकलेली एक सोंगटी काढून कॅरम बोर्डाच्या मधोमध ठेवली. दोन वर्षांत तो एकदाही जिंकला नव्हता. दर मंगळवारी दुपारी वाचनालयामागच्या या खोलीत येऊन तो स्वतःची यथेच्छ फजिती करून घ्यायचा, आणि उरलेले सहा दिवस या फजितीची वाट बघायचा.

घड्याळाच्या आत काय असतं, हे खरं तर त्याला ठाऊकच नव्हतं. तो फौजदार होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, आणि पोलीस वसाहतीतल्या दोन खोल्यांत तो एकटा राहायचा. तो जाईल तिथे माणसं आधी सरळ बसायची आणि मग हसू आवरायची. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा त्याला पाहिलं की गप्पा बंद. त्या पहिल्या दिवशी चौथा गडी आला नव्हता म्हणून मास्तरांनी त्याला वाचनालयातून दंडाला धरून इथे आणलं आणि "काय करता आपण?" असं विचारलं. भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाकडे बघत तो बोलून गेला, "घड्याळं दुरुस्त करतो."

झालं! तेव्हापासून जो तो घरातलं घड्याळ आणून त्याच्या हातात ठेवू लागला. तो ते गुपचूप शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खऱ्या घड्याळजीकडे नेई आणि पुढच्या मंगळवारी परत आणे. आज मास्तरांनी आपल्या गेलेल्या बायकोचं मनगटी घड्याळ रुमालात गुंडाळून त्याला दिलं होतं.

"जपून हं," ते म्हणाले होते. "दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नसतं."

खिडकी त्याच्या समोरच होती. रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात एक माणूस काउंटरवर ओणवा झाला होता. गिऱ्हाईक असं वाकत नाही. मग त्याच्या मुठीतला सुरा दिसला आणि सुऱ्यासमोर दुकानातल्या मुलीचा पांढराफटक चेहरा.

"तुमची पाळी," पोस्टमन म्हणाला.

त्याचं बोट स्ट्रायकरवर तसंच राहिलं. आज साप्ताहिक सुट्टी. अंगात साधा शर्ट, कमरेला काही नाही. ठाण्यात फोन लावला तर दहा मिनिटांत गाडी येईल, आणि कुणी त्याला नाव ठेवणार नाही. रस्ता ओलांडला की मात्र ही खोली गेली, हे त्याला लख्ख कळत होतं. एक श्वासभर तो बसून राहिला. त्या एका श्वासाची त्याला पुढे बरेच दिवस लाज वाटली. तेवढ्यात मुलीनं दोन्ही हात वर केले आणि हातातली गोळ्यांची पाकिटं खाली पडली.

"आलोच," म्हणून तो उठला.

"हरायला लागले की पळतात बघा!" मागून मास्तर ओरडले.

"सुरा टाक! तोंड भिंतीकडे!"

औषधाच्या दुकानाच्या दारातून तो गरजला. हा आवाज त्यानं या रस्त्यावर कधी काढला नव्हता. माणूस गर्रकन वळला, सुरा फिरला, शर्टाची बाही फाटली. पुढचं हातांनी आपापलं केलं. मनगट पिरगाळलं गेलं, सुरा खणकन पडला आणि त्या माणसाचा गाल फरशीला टेकला. काउंटरमागे मुलगी खाली बसून रडत होती.

"संपलं, बाळ," तो धापा टाकत म्हणाला. "आता काही होत नाही."

कुणीतरी ठाण्यात फोन केला होता; गाडी आली. दोन शिपाई उतरले आणि त्यांनी खाडकन सलाम ठोकला.

"साहेब, तुम्ही? आज तर सुट्टी ना तुमची?"

समोरच्या खिडकीत तिघंही उभे होते. त्यानं हात हलवला. उत्तरादाखल पोस्टमननं सलाम केला.

पुढच्या मंगळवारी तो आत शिरला तेव्हा तिघं उठून उभे राहिले. त्याच्या खुर्चीवर कुणीतरी उशी ठेवली होती.

"अहो, बसा ना! हे काय चालवलंय?" तो म्हणाला आणि रुमाल पुढे केला. "मास्तर, चालू झालं. पण मी नाही केलेलं. मी कधीच..."

"तुम्हाला कसली कसली कामं सांगितली आम्ही," मास्तरांनी रुमाल दोन्ही हातांनी घेतला. "राग मानू नका, साहेब."

डाव सुरू झाला. मास्तरांची शेवटची सोंगटी भोकाच्या तोंडाशी बसली होती. फुंकर मारली असती तरी पडली असती. मास्तरांनी नेम धरला आणि ती चुकवली. पुढच्या फेरीत पुन्हा चुकवली. दोन वर्षांत पहिल्यांदा तो जिंकला.

"वा साहेब, काय हात आहे!" शिंपी म्हणाला.

दुसऱ्या डावात एक सोंगटी घेतल्यावर पुढच्या पाळीला त्यानं कुठल्याच सोंगटीकडे पाहिलं नाही. रिकामी वाट बघून स्ट्रायकर सरळ भोकात घातला आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिला. मास्तर पावडरचा डबा नीट लावत होते. पोस्टमन आपली नखं बघत होता.

"मास्तर," शेवटी तोच म्हणाला, "स्ट्रायकर गेला माझा."

"चालतंय हो."

त्यानं आपल्याजवळची एक सोंगटी उचलून मधोमध ठेवली. मास्तरांनी ती हलकेच बोटानं सरकवत परत त्याच्यापुढे आणून ठेवली.

"राहू द्या, साहेब."