दहावं डोकं

कौतुकाच्या बाबतीत त्या घराचा हात फार आखडता होता. घराचा म्हणजे सरांचा. आई कौतुक करायची, पण आईनं केलेलं कौतुक कोण धरतं? सर शाळेत वरच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवायचे, आणि घरी आल्यावर चपला काढल्या तरी परीक्षक काही अंगातून उतरायचा नाही. भाजी झकास झाली की म्हणणार, "खाता येते." लेकीनं घर लख्ख पुसून काढलं की म्हणणार, "कोपरा राहिला." आठवीत एकदा ते तिच्या वर्गावर बदली म्हणून आले होते. उत्तरापुढे एकक लिहायचं राहिलं म्हणून त्यांनी भर वर्गात आपल्याच पोरीचा अर्धा मार्क कापला, आणि पोरांनी तिचं नाव अर्धी ठेवून दिलं. ते नाव असं चिकटलं की शिपाईसुद्धा तिला त्याच नावानं हाक मारायचा, आणि तीही निमूट वळून बघायची.

म्हणून नववीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी कप खाली ठेवून सर जे बोलले, ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावं असं अर्धीला आधी वाटलं.

"यंदा तू प्रगत रसायनला बस," सर म्हणाले. "तुला झेपेल. डोकं आहे तुझं."

प्रगत रसायन म्हणजे अकरावीतल्या निवडक मुलांचा वर्ग. सरांनीच तो कधीकाळी भांडून सुरू करवून घेतला होता आणि आजवर दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. त्या वर्गात नववीतलं पोर बसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

आई चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना "आता दिसतंय का नीट?" असं विचारून विचारून तिला घरातलंही जरा लवकर दिसायचं. ती म्हणाली, "अहो, मधल्या दोन यत्ता काय उडत जाणार का पोर? आणि आजच कुठून सुचलं हे?"

"तिच्यात आहे, म्हणून सुचलं."

"मग इतके दिवस कुठं होतं?"

सर उठून आत गेले. वाद हरायची वेळ आली की ते नेहमी आत जायचे.

अडचण एकच होती. प्रगतचा तास आणि चित्रकलेचा तास एकाच वेळी यायचा. चित्रकलेत अर्धी खरोखर चांगली होती. तिथं तिला कुणी अर्धी म्हणत नसे, कारण तिथं सगळे आपापल्या कागदात डोकं घालून बसलेले असत. विचार करायला आठवडा होता. आठवडाभर तिनं सरांच्या कपाटातलं ते जाडजूड पुस्तक उघडलं आणि मिटलं. पहिल्या पानावरचं कळलं, दुसऱ्यावरचं थोडं कळलं, तिसऱ्या पानापासून सगळं डोक्यावरून गेलं.

"तुला हवंय की त्यांना हवंय?" आईनं विचारलं.

"मला."

हे खोटं नव्हतं. रसायन तिला हवं होतं असं नाही, पण ते वाक्य हवं होतं. डोकं आहे तुझं. चौदा वर्षांत पहिल्यांदा मिळालेलं वाक्य कुणी परत करतं का? तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, आणि ते उतरवायची तिची तयारी नव्हती. तिनं चित्रकला सोडली. रंगांची पेटी चुलत बहिणीला देऊन टाकली आणि प्रगतच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

पहिल्याच तासाला तिच्या तोंडचं पाणी पळालं. अकरावीची मुलं म्हणजे तिच्यापेक्षा वीतभर उंच माणसंच. सर फळ्यावर भरभर लिहायचे, मागं न बघता प्रश्न टाकायचे, आणि पुढच्या बाकांवरून उत्तरं यायची. अर्धीकडे ते बघतच नसत. तिला वाटायचं, घरचं माणूस म्हणून मुद्दाम टाळतायत, लोक बोलू नयेत म्हणून. किती छान कारणं सापडतात माणसाला, शोधायचीच म्हटल्यावर.

तिच्या पुढच्या बाकावर एक लांब वेणीची मुलगी बसायची. वर्गातली सगळ्यात हुशार तीच, पण शिष्टपणा औषधालाही नव्हता. अर्धीची लेखणी थांबली की वेणीवाली हळूच मागं वळायची आणि आपली वही तिरकी धरायची. त्या तिरक्या वहीवर अर्धीचे पहिले काही आठवडे निघाले. घरी ती जेवण होताच पुस्तक घेऊन बसे. कळलं नाही की स्वतःला सांगायची, बाबा उगाच बोलणाऱ्यातले नाहीत. त्यांना दिसलंय म्हणजे असणारच कुठंतरी. आपल्यालाच ते अजून सापडलेलं नाही.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत जिन्यावर मोठ्या बाई भेटल्या. मोठ्या बाई म्हणजे उपमुख्याध्यापिका. मनानं चांगल्या होत्या, पण तोंडात तीळ भिजत नसे.

"काय गं, जमतंय ना?" त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "वाचवलंस हो वडलांना! दहा डोकी झाली नाहीत तर वर्ग बंद, असं वरून स्पष्ट आलं होतं. नवावर घोडं अडलं. सरांनी बिचाऱ्यांनी कुणाकुणाला गळ घातली! त्या बारावीत अडकून बसलेल्या, आपल्या फुटबॉल संघाच्या गोलकीपरलासुद्धा विचारलं. तोही नको म्हणाला, तेव्हा म्हणाले, माझी मुलगी घेतो."

अर्धीनं हातातल्या डब्याचं झाकण लावलं.

"आता पहिल्या चाचणीत तेवढी पास हो, म्हणजे झालं," बाई जाता जाता म्हणाल्या. "नापास झालेल्याला आपल्या वर्गात परत पाठवायचा नियम आहे. मग पुन्हा नऊच."

गोलकीपरलासुद्धा. तो मुलगा रसायनात दोनदा आपटलेला होता हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. म्हणजे त्याच्यानंतर ती. अर्धीला रडू आलं नाही. तिला लाज वाटली. आठवडेच्या आठवडे आपण आरशासमोर उभं राहून केस विंचरताना ते वाक्य मनात घोळवत होतो, याची लाज.

शाळा सुटल्यावर ती प्रयोगशाळेत गेली. सर बेसिनपाशी काचेच्या नळ्या धुऊन लाकडी घडवंचीवर उलट्या लावत होते. हे काम ते कधी शिपायावर सोडत नसत.

"बाबा, दहा मुलं झाली असती, तर मला घेतलं असतं तुम्ही?"

सरांनी नळ बंद केला. खोटं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता, पण ते बोलले नाहीत.

"नाही," ते म्हणाले. "अजून दोन वर्षांनी घेतलं असतं." मग वर जोडलं, "बहुतेक."

ते 'नाही' तिनं सोसलं असतं. ते 'बहुतेक' तिला सोसवेना.

"मग डोकं आहे म्हणालात ते?"

"तसं म्हटल्याशिवाय तू आली नसतीस."

"मी सोडते. उद्याच."

"सोडू नकोस." सरांच्या हातात एक ओली नळी होती आणि ती कुठं ठेवायची हे त्यांना सुचत नव्हतं. "वर्ग बंद झाला की ही खोली जाते. सामान ठेवायला घेणार आहेत. आणि मला पाचवी-सहावीला सामान्य विज्ञान देणार. पानाचे भाग शिकवायचे मी, या वयात. एवढं वर्ष काढ गं. माझ्यासाठी."

आजवर या माणसानं तिच्याकडे पाण्याचा पेलाही मागितला नव्हता, स्वतः उठून घ्यायचे. तिला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यातच त्यांची कीव आली. नुसता राग असता तर ती दार आपटून निघून गेली असती. कीव आल्यावर दार कसं आपटणार?

"बरं," ती म्हणाली.

घरी आईनं तोंडाकडे बघूनच ओळखलं. "कळलं वाटतं तुला."

"तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. पण ते असं गोड बोलले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली." आईनं तिच्या पुढ्यात ताट सरकवलं. "सोडून दे. मी बघते त्यांच्याकडे."

"नाही सोडत."

आईला वाटलं पोर बापासाठी थांबली. थोडी तशीही थांबली होती. पण खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नाही. खोटं का होईना, ते वाक्य सरांच्या तोंडून निघालेलं होतं, आणि आता ते खरं करून दाखवायचं तिच्या हातात होतं. पहिल्या चाचणीत पास व्हायचं. स्वतःच्या जिवावर. मग बघू कसे म्हणतात 'बहुतेक'.

तिनं जिवाचं रान केलं. खेळाचं मैदान बंद, मैत्रिणींकडे जाणं बंद. जे कळत नव्हतं ते ती वेणीवालीला विचारायची, तिलाही सांगता येईना तेव्हा पुन्हा पुस्तकात शोधायची. सरांना मात्र एक अक्षर विचारलं नाही. जेवताना सर एकदा म्हणाले, "काही अडलं तर सांग." ती म्हणाली, "मीठ द्या." आणि मजा अशी की हळूहळू काही गोष्टी खरंच उमगायला लागल्या. फळ्यावरचं एखादं समीकरण सरांच्या आधी तिच्या मनात पुरं व्हायचं, आणि ती बाकाखाली मूठ आवळायची.

चाचणी झाली. बाहेर येताच वेणीवालीनं विचारलं, "चौथ्याचं काय लिहिलंस? समतोलात असलेल्या अभिक्रियेचं?"

"तापमान वाढवलं की उत्पादन वाढतं."

"घटतं गं," वेणीवाली हळहळली. "ती अभिक्रिया मुळात उष्णता बाहेर टाकणारी होती ना? वरून आणखी उष्णता दिली की ती उलटी फिरते. जाऊ दे, बाकीचं आलं असेल तुला."

चौथा प्रश्न मोठा होता. अर्धीनं रात्रंदिवस मनातल्या मनात बेरजा केल्या. कधी पास व्हायची, कधी काठावरून पाय घसरायचा.

शेवटी एक दिवस सरांनी पेपर वाटले. तिचा पेपर त्यांनी उलटा ठेवला आणि पुढं गेले. तिनं तो सुलटा केला. पास होती. अगदी काठावर, पण पास. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. समोर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या त्या माणसाला हाक मारावी, म्हणावं, बघा, असं तिला इतकं वाटलं की तिनं ओठ चावला. सगळं माफ करून टाकलं तिनं तेवढ्या क्षणात.

मग तिनं पानं उलटली. चौथ्या प्रश्नापुढे, "उत्पादन वाढतं" या तिच्या स्पष्ट अक्षरातल्या वाक्यावर, लाल शाईची बरोबरची खूण होती. पूर्ण मार्क. ते मार्क नसते तर ती नापास होती. पुढं वाकून तिनं वेणीवालीच्या पेपरात बघितलं. तिथं "घटतं" होतं, आणि तिथंही तशीच खूण होती.

सरांची नजर चुकली असेल, असं तिला एक क्षणभर वाटून घ्यायचं होतं. पण एककासाठी पोटच्या पोरीचा मार्क कापणाऱ्याची नजर चुकत नाही. तिच्या उत्तराखाली लेखणी टेकून थांबल्याचा छोटा लाल ठिपका होता. तिथं ते थांबले होते. विचार केला होता. आणि मग खूण केली होती.

नापास केलं असतं तर बरं झालं असतं. नापास केलं असतं तर तिचा पेपर त्यांनी निदान खरा तपासला असता, इतर नऊ जणांचा तपासला तसा. त्यांना मार्क द्यायचे नव्हतेच. त्यांना फक्त दहावं डोकं बाकावर बसलेलं हवं होतं, आणि त्या डोक्यात काय आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

अर्धी उठून उभी राहिली.

"सर," ती म्हणाली. वर्गात ती त्यांना सरच म्हणायची. "चौथ्या प्रश्नाचं उत्तर काय आहे? उत्पादन वाढतं की घटतं?"

मुलं आपापली पानं उलटू लागली. सर फळ्यापाशी उभे होते आणि त्यांच्या बोटांना खडू लागला होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं. या वर्गात पहिल्यांदाच बघितलं. प्रयोगशाळेत "माझ्यासाठी" म्हणताना बघितलं होतं तसंच.

"ते," सर म्हणाले, "परिस्थितीवर अवलंबून आहे."

"पण सर," वेणीवाली गोंधळून म्हणाली, "पुस्तकात तर घटतं असंच..."

"लिहून घ्या," सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

सरांचा शब्द होता. नऊ माना खाली गेल्या. वेणीवालीनं थोडा वेळ आपल्या पेपराकडे बघितलं, मग पट्टी घेतली, आपल्या बरोबर उत्तरावर सरळ रेघ मारली, आणि शेजारी स्वच्छ अक्षरात सर म्हणाले ते लिहून घेतलं.