पिकअपच्या पोटाखाली आत्या

माझ्या धाकट्या भावासाठी, तापोलोगोसाठी, मुलगी मागायला जायचं ठरलं तेव्हा आईने एक काम मुद्दाम केलं. मामा आणि आत्या या दोघांना माझ्याच पिकअपमध्ये बसवलं. बाकीची मंडळी आदल्या दिवशीच नवरीच्या गावी पोचली होती. पण बोलणी करायला नवऱ्याचा मामा लागतो, बायकांच्या बाजूने आत्या लागते. ही दोघं पोचल्याशिवाय तिकडे कोणी तोंड उघडणार नव्हतं.

आणि हीच दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. कित्येक वर्षांपूर्वी आमच्या एका बहिणीच्या लग्नात मामाने भर मांडवात सांगितलं होतं की आत्याने केलेली ज्वारीची बिअर आंबट आहे. आत्याने हातातला भोपळ्याचा तुंबा खाली ठेवला आणि ती सरळ घरी गेली. तेव्हापासून एखाद्या मयताला गाठ पडली तरी हा या टोकाला, ती त्या टोकाला.

मामा पुढे माझ्या शेजारी, आत्या मागे.

"ओनालेथाता, त्यांना सांग काच वर करा, धूळ येतेय," आत्या म्हणायची.

"तिला सांग, काच वर केली तर मी उकडून मरेन," मामा म्हणायचा.

कालाहारी वाळवंटातलं काँग गाव येईपर्यंत निरोप पोचवून पोचवून माझा घसा सुकला.

काँगनंतर डांबरी संपली आणि वाळू लागली. मी डॅशबोर्डवरचा गोल खटका फिरवला, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोनऐवजी चारही चाकांना मिळतो. एरवी हिरवा दिवा थोडा लुकलुकतो, पोटाखालून घुर्रर्र असा आवाज येतो आणि दिवा स्थिर होतो. त्या दिवशी तो नुसताच लुकलुकत राहिला. लागेल आता, लागेल आता, असं म्हणेपर्यंत मागची चाकं रुतली आणि पिकअप वाळूवर पोट टेकून बसली.

मी टायरांची हवा कमी केली, फावड्याने वाळू उपसली, चाकांखाली काटक्या घातल्या. मागची चाकं आणखी खोल गेली. पुढची पाहुण्यांसारखी नुसती बसून होती.

"जुन्या गाड्यांना बरा दांडा असायचा," मामा म्हणाला. "ओढला की लागला. हे कसलं, खटका फिरवा आणि देवाचं नाव घ्या!"

फ्यूज काढून बघितले, सगळे धड होते. बॅटरीही ठणठणीत. मग खटका फिरवून मी डॅशबोर्डला कान लावला. आतून टक् असा आवाज आला. म्हणजे हुकूम निघत होता. पण पोटाखाली जी छोटी मोटर गिअर सरकवते, ती गप्प होती. हुकूम मधेच कुठेतरी अडकत होता. खाली जाऊन बघायला हवं होतं, पण उपसूनही गाडीखाली जेमतेम हातभर जागा झाली होती. माझं पोट तुम्ही पाहिलेलं नाही. मामाचे गुडघे वाकत नाहीत.

आत्याने शाल काढून सीटवर ठेवली, डोक्याचा रुमाल घट्ट बांधला.

"चटई आण," ती म्हणाली. "नुसते बघत बसलात तर मुलगी दुसराच कोणी घेऊन जाईल."

चटई घालताच आत्या सुरळीसारखी आत सरकली. मी बाजूला आडवा पडून बोटाने मोटर दाखवली. खटक्याशी मामा बसला.

"फिरवायला सांग," आत्या आतून म्हणाली.

मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तोंडात वाळू गेली होती, आणि कंटाळाही आला होता.

मामा खटक्यावर हात ठेवून माझ्या निरोपाची वाट बघत बसला.

"फिरवा!" शेवटी आत्याच ओरडली.

"फिरवलं! वाजलं का?"

"नाही. परत!"

"आता?"

"नाही म्हटलं ना! जोर लावून काय होतंय, दळण दळताय का?"

मी मामाला किल्ली बंद करायला लावली आणि आत्याला मोटरवरचा प्लग दाखवला. त्याची जीभ दाबून तिने तो ओढला. आतून पाणी निघालं आणि थेट तिच्या कपाळावर पडलं.

"कालाहारीत पाणी!" ती म्हणाली. "हिचं पोट कोणी धुतलं?"

वर मामाने खटक्यावरचा हात काढून घेतला.

"मी," मामा म्हणाला. "काल. जोराच्या पाइपने. मुलीकडचे वाकून बघतील म्हटलं."

आत्या हसायला लागली. खाली जागा नव्हती म्हणून तिचं हसणं चेसिसवर आपटून बाहेर येत होतं. मामाही हसला, मग एकदम थांबला.

"मा तेबात्सो," तो खिडकीतून खाली वाकून आत्याला तिच्या मुलाच्या नावाने, तेबात्सोची आई अशी हाक मारत म्हणाला, "त्या लग्नातली बिअर आंबट नव्हती. सकाळी माझं बायकोशी भांडण झालं होतं. आंबट माझं तोंड होतं."

प्लग पुसायचा आवाज थांबला.

"हे सांगायला एवढी वर्षं लागली?"

"तू उभी कुठे राहिलीस? समोर आलीस की पाठ फिरवायचीस."

"आता तर पाठीवर पडलेय. बोला."

मामा काय बोलला ते मी सांगणार नाही, कारण मी मुद्दाम काटक्या गोळा करायला निघून गेलो. परतलो तेव्हा प्लग पुसून कोरडा होऊन पुन्हा बसला होता. मामाने खटका फिरवला. घुर्रर्र झालं, दिवा स्थिर झाला. आत्या बाहेर आली ती पिठात घोळलेल्या माशासारखी. मी हळूच क्लच सोडला, पुढच्या चाकांनी वाळू धरली आणि पिकअप पोट उचलून निघाली.

नवरीकडच्यांनी उशिराबद्दल आम्हाला फाटकाबाहेर जमिनीवर बसवून ठेवलं. मामाने तिथूनच असं काही रंगवून सांगितलं की त्यांचे म्हातारेसुद्धा हसले. दुपारपर्यंत मुलगी आमची झाली.

परतताना डांबरी लागल्यावर खटका उलटा फिरवला, तरी पुढची चाकं सुटेनात आणि हिरवा दिवाही विझेना. वळणावर स्टिअरिंग जड झालं.

"थोडी मागे घे, म्हणजे सुटेल," मामा म्हणाला.

"मागे कशाला? पुढेच घे, आपोआप सुटेल," मागून आत्या म्हणाली.

"रुतलो तेव्हा खटक्याशी कोण बसलं होतं—"

"पोटाखाली कोण गेलं होतं?"

मी गाडी थोडी मागे घेतली, थोडी पुढे घेतली. दिवा विझला. कशाने विझला यावर दोघं घरापर्यंत भांडत आली.