झरीच्या तालमीतला काटा
मित्रांनो, मी झरीच्या तालमीतला एक जुना वजनकाटा आहे. लोखंडी पाट, पितळी दांडी, एवढाच माझा देह. पण तोरा मोठा! आजवर मी एकदाही खोटं वजन सांगितलेलं नाही.

तरुणपणी मी परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, कापूस तोलायचो. वजन वाढावं म्हणून काही जण कापसावर पाणी मारून आणत. मला हसू येई. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि मी कोपऱ्यात गंजत पडलो. वस्ताद भगवानरावांनी मला तालमीत आणलं, तेल दिलं. आता मी पोरं तोलू लागलो.

एकदा चौदा वर्षांची निकिता साडेअठ्ठेचाळीस किलो भरली. कुस्तीची निवड चाचणी दोन दिवसांवर होती आणि वस्तादांना तिला हलक्या पोरींशी, शेहेचाळीस किलोच्या गटात खेळवायचं होतं.

"दोन दिवस पानी तोड. रेनकोट घालून पळ, घाम निघंल. आमी बी असंच करायचो," ते म्हणाले. वस्तादांचा शब्द मोडायची तालमीत रीत नाही.

चाचणीला निघण्याआधी ती माझ्यावर चढली. बरोबर शेहेचाळीस. पोरींनी टाळ्या वाजवल्या, मीही फुशारलो. तेवढ्यात ती माझ्या पाटावरच कोसळली.

तिला निरोप द्यायला आलेली तिची आई सुमनबाई धावली. लेकीचे सुकलेले ओठ ओले करत म्हणाली, "वस्ताद, ही चरबी न्हाई उतरली. लेकराच्या अंगातलं पानी काढलंय तुमी."

मला मोंढा आठवला. तिथं पाणी घालून फसवायचे, इथं पाणी काढून. माझा आकडा खरा होता, तरी मला लाज वाटली.

निकिताला दवाखान्यात न्यावं लागलं. चाचणी हुकली. डॉक्टरांशी बोलून आलेले वस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलं माझं. इथून पुढं कुनाचं पानी तोडायचं न्हाई, उपाशी ठेवायचं न्हाई. जेवढं भरंल त्या गटात खेळायचं."

तीन महिन्यांनी दुसऱ्या एका स्पर्धेत निकिता भाकरी खाऊन पन्नासच्या गटात उतरली. अंतिम कुस्ती एका गुणाने हरली, पण रौप्यपदक घेऊन आली.

"वस्ताद, शेवटपर्यंत दम टिकला," ती म्हणाली.

वस्तादांनी स्वतःचा फेटा काढून तिच्या डोक्याला बांधला. मला छाती नाही, तरी ती अभिमानाने फुगली.

मित्रांनो, माझ्यावर चढाल तेव्हा जेवून, पाणी पिऊन चढा. दोन किलो जास्त भरलात तरी भरू द्या. तुमचं वजन मला पेलवतं, तुमचं कोसळणं पेलवत नाही.