पाणचक्कीचा अडसर

मी अडसर बोलतोय. दाराला आडवं घालतात ना, ते लाकूड. तुमच्या कुलपांच्या जमान्यात मला कोण ओळखणार! शाळा मी पाहिली नाही, तेव्हा बोलेन ते तोंडावर.

नदीकाठच्या चक्कीवाल्यानं मला तासलं. चक्कीत त्याच्या धाकट्या भावाच्या पायाखालची फळी मोडली, तो खाली पाण्यात गेला, सापडलाच नाही. पुन्हा कोणी आत जाऊ नये म्हणून मला दाराच्या बाहेरून बसवलं. अडसर आणि बाहेरून! पुढे गाव उठलं. चक्कीवालाही गेला.

राहिलो मी, आणि आतून ठोठावणारा तो. रोज तिन्हीसांजेला, ठक ठक. शब्द एक नाही. मी खेकसायचो, "गप पड रे, कोणी नाही इथं."

हल्ली ओसाड गावं धुंडाळून फोटो काढणारी माणसं निघालीत. नांदत्या घराकडे ढुंकून बघणार नाहीत, पडकं दिसलं की जीव टाकतील. अशीच दोघं भावंडं आली. मला काढून भिंतीला टेकवलं.

"कशाला हात लावू नकोस हं. जसं सापडलं तसंच ठेवून जायचं," भाऊ बजावत होता.

"दादा, कोळ्याच्या जाळ्यात तूच तोंड घातलंस. ते आता कोण विणून देणार?"

मग बहीण मागच्या अंधाऱ्या खोलीत शिरली. श्वास रोखून फोटो घेत बसली; नाहीतर हलतो म्हणे. भावानं हाक मारली, ओ नाही. त्याला वाटलं, गाडीकडे गेली. आणि आपल्या नेमाप्रमाणे मला दाराला घालून हा शहाणा निघाला!

थोड्या वेळानं ठक ठक. मला वाटलं, रोजचाच.

"दादा, मस्करी पुरे! उघड! फळ्या करकरतायत!"

आणि तिच्या मागून, घोगरा, ओला आवाज, "दादा, उघड."

ती किंचाळली. दारावर दोघांचे हात एकदम आदळले. मी जन्मात वाकलो नव्हतो. मोडलो.

ती धडपडत पळाली. भाऊ समोरून धावत आला, तिला धरून गाडीत बसवलं. गाडीचं तिच्या बाजूचं दार वाजलं. मग त्याचं वाजलं. मग, हळूच, मागचं.

आता मी गवतात दोन तुकडे होऊन पडलोय. चक्कीत ठोठावणं बंद आहे.

तो भाऊ कुणाला भेटला तर सांगा, तिन्हीसांजेला घरात कुठलं दार आतून वाजलं, तर घाबर हवं तर, पण उघड बाबा. तो आता तुलाच दादा म्हणतोय.