आमचं शेत

सुनेत्रा सबनीसने जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये एक राज्य मिळवलं होतं. राज्य बेताचंच, तीनशे चौरस मीटरचं: एक लाकडी खोपटं, एक हातपंप आणि एक म्हातारं सफरचंदाचं झाड. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लोकांना मातीत हात घालायची हौस भागवता यावी म्हणून गावाबाहेर असे बागेचे तुकडे भाड्याने देतात. तीन वर्षं यादीत नाव लावून बसल्यावर २०१६च्या मार्चात तिला एकेचाळीस नंबरची बाग मिळाली.

मिळाली म्हणजे दुसऱ्याची गेली. चाळीस वर्षं ती ब्रुक्नर नावाच्या गृहस्थांकडे होती. बायको गेली, मग गुडघे गेले, दोन उन्हाळे नुसतं गवत माजलं. नियम असा की निदान एक तृतीयांश जागेत भाजी-फळं पिकलीच पाहिजेत. बागांच्या कमिटीने दोनदा समज दिली आणि तिसऱ्या पत्राने करार संपवला. इथे कुणी तलवार उपसत नाही, रजिस्टर्ड पत्र पाठवतात.

सुनेत्राला त्याचं फारसं काही वाटलं नाही. सत्तांतरं हा तिचा अभ्यासाचाच विषय होता. ती मूळची नाशिकची. सातवाहनांनी क्षहरातांचं राज्य कसं उलथवलं, यावर इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती. क्षहरातांचा राजा नहपान, त्याचा जावई उषवदात. गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांचं नाव पुसून टाकलं आणि उषवदाताकडे असलेलं एक शेत लेण्यांतल्या भिक्षूंना देऊन टाकलं. तो हुकूम नाशिकच्या लेण्यात अजून वाचता येतो. त्यात राजा त्या शेताला म्हणतो, 'अम्हखेत'. आमचं शेत! हा शब्द वाचला की दर वेळी सुनेत्राची मान ताठ व्हायची.

म्हणून पहिल्याच दिवशी तिने एक फळी रंगवली आणि फाटकावर ठोकली: 'आमचं शेत'.

"अगं, भाड्याचं आहे ते," तिचा नवरा हरीश हसला. तो मानहाइमला इंजिनांच्या कारखान्यात होता आणि कागदपत्रांच्या बाबतीत फार काटेकोर होता.

"फ्लॅट भाड्याचा, व्हिसा दोन वर्षांचा, माझी फेलोशिप डिसेंबरपर्यंत. एवढं एक तरी आमचं म्हणू दे की रे."

पण पाटी लावून कुठे पीक येतं? मेथी पिवळी पडली, कोथिंबीर गोगलगायींनी खाल्ली, खालच्या वाफ्यात तळं साचलं. सुनेत्रा मातीला नावं ठेवत होती. नाचता येईना, अंगण वाकडं. शेजारीपाजारी अजून 'ब्रुक्नरची बाग' असंच म्हणायचे. आणि खुद्द ब्रुक्नर रोज दहा वाजता काठी टेकत यायचे, फाटकासमोरच्या बाकावर बसायचे आणि बघत राहायचे. ती त्यांच्याकडे पाठ करून खुरपायची. तिला त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटायची.

मेच्या सुरुवातीला कमिटीचं पत्र आलं. जुलैच्या पहिल्या शनिवारी पाहणी. बाग लागवडीखाली नसेल तर करार रद्द. घोडामैदान जवळ आलं होतं.

त्याच आठवड्यात तिच्या प्राध्यापकबाईंनीही तिला पकडलं. गौतमीपुत्राचा दुसरा हुकूम तिने तळटीपेत ढकलला होता. पहिल्यानंतर सहा वर्षांनी त्याच लेण्यात कोरलेला. त्यात राजा भिक्षूंना दुसरं शेत देतो. का? तर, 'तं च खेतं न कसते, सो च गामो न वसति.'

"जिंकलेलं शेत ओस का पडलं?" बाईंनी विचारलं.

सुनेत्राने घरी येऊन ती ओळ पुन्हा वाचली. न कसते. याला कोश कशाला हवा? ते शेत कसत नाही कुणी, त्या गावात राहत नाही कुणी. राजाकडे सैन्य होतं, शिक्का होता. पण त्या शेतात पाणी कुठे साचतं हे ज्यांना ठाऊक होतं, ती माणसं उषवदाताबरोबरच गेली असतील तर? याला पुरावा शून्य. प्रबंधात लिहिलं असतं तर बाईंनी लाल रेघ मारली असती. तरी सुनेत्राचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती फाटकाबाहेर आली.

"हेर ब्रुक्नर, खालच्या वाफ्यात पाणी का साचतं?"

म्हाताऱ्याने घसा खाकरला. "आल्झो... त्याचं असं, खाली चिकणमाती आहे. तिथे मी चाळीस वर्षांत काही लावलं नाही. घेवडा वर, भिंतीलगत. भोपळा खताच्या ढिगाजवळ. आणि लवकर लावा." मग काठी पाटीकडे वळली. "दोन महिने बघतोय. काय लिहिलंय ते?"

"उन्झर फेल्ड," ती म्हणाली. आमचं शेत. शब्दाला शब्द, चोख भाषांतर.

"उन्झर?" त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मला वाटलं होतं, मी आत येऊ नये असं काहीतरी लिहिलंय."

तसंच लिहिलं होतं की! मराठीत 'आमचं' म्हटलं की ऐकणारा बाहेर. त्याला आत घ्यायचं तर 'आपलं' म्हणावं लागतं. जर्मन बिचारी दोन्हींना एकच शब्द वापरते, आणि म्हाताऱ्याने त्यातला आपल्या वाटणीचा अर्थ उचलला होता. चूक दुरुस्त करायला सुनेत्राने तोंड उघडलं. मग मिटलं, आणि फाटक उघडलं.

पुढचे सात आठवडे ब्रुक्नर उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडत होते आणि सुनेत्रा कंबर मोडेस्तोवर ते पाळत होती. रविवारी हरीशही खत वाहायचा. घेवडा काठ्यांवर चढला, भोपळ्याला फुलं आली.

पाहणीच्या दिवशी कमिटीचे तिघं मोजपट्टी घेऊन आले. अध्यक्षांची नजर आधी बादलीवर गेली.

"हेर ब्रुक्नर, तुमचा करार संपलाय. तुम्ही इथे कसे?"

"पाटी वाचा," ब्रुक्नर शांतपणे म्हणाले. "उन्झर लिहिलंय."

अध्यक्षांना ती लिपी कुठून येणार? ते सुनेत्राकडे वळले. बाग परस्पर दुसऱ्याला देणं हाही करारभंगच. "फ्राऊ सबनीस, खरंच असं लिहिलंय?"

नाही म्हटलं तर म्हातारा पुन्हा बाकावर. हो म्हटलं तर कदाचित बागच जायची.

"हो," सुनेत्रा म्हणाली. "करार माझ्या नावावर आहे, खुरपंही मीच धरते. पण ही जमीन कशी कसायची ते यांना ठाऊक आहे. दोघांची आहे बाग."

अध्यक्षांनी पेन्सिल कानामागून काढली. वाफे मोजले, दोनदा. निम्म्याहून जास्त. त्यांनी कागदावर खूण केली, बादलीकडे एकदा पाहिलं, आणि बेचाळीस नंबरकडे निघून गेले.

सुनेत्रा खोपटातून रंगाचा डबा घेऊन आली. तिने 'मच' खरवडून काढला, 'पल' लिहिला. 'आ' होता तसाच राहिला, वरचं टिंबही.

"काय चुकलं होतं?" ब्रुक्नरनी बादलीवरूनच विचारलं.

"शुद्धलेखन."

"मग आता काय लिहिलंय?"

"उन्झर फेल्ड."

"मग तेच तर होतं की आधी," ब्रुक्नर म्हणाले, आणि घेवड्याला पाणी घालायला सांगू लागले.