तीन राजे आणि कपाळावरचा चष्मा

पत्त्यांची तिकडी हातात आली की शहाण्याचंही डोकं फिरतं, असं इस्त्रीवाला म्हणायचा. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या त्या कारखान्यात हा खेळ त्यानंच आणला होता. पूर्वी तो जहाजावरच्या लॉन्ड्रीत कामाला होता. तिथून परतताना पत्त्यांचा एक मळका कॅट आणि ओमाहा नावाचा पोकर, एवढीच त्याची कमाई.

जेवणाच्या सुट्टीत कटिंगच्या टेबलावर डाव पडायचा. कारखाना मामंजींचा, आणि पैसे लावायला त्यांची सक्त मनाई, म्हणून बटणं लावायची. प्रत्येकाला चार पानं. टेबलावर आधी तीन पानं उघडी, मग एक, मग शेवटचं एक, आणि दर वेळी बटणं पुढे सरकवायची. अखेरीस हातातली दोन आणि टेबलावरची तीन पानं घेऊन डाव दाखवायचा. दोन म्हणजे दोनच. एक चालत नाही, तीन चालत नाहीत. या एका अटीवर भलेभले तोंडघशी पडायचे.

मामंजींची धाकटी सून पडायची नाही, कारण तिला थोरल्या जाऊबाईंनी शिकवलं होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सगळे तिच्या खेळावर हसायचे, तिचा नवरासुद्धा. जाऊबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. "हातात जोडी आणि तसलंच तिसरं पान टेबलावर, ती खरी तिकडी," त्या सांगायच्या. "हातात एक आणि टेबलावर जोडी, ती भाड्याची. तसलं पान दुसऱ्याकडेही निघतं. तिकडी मोठी असेल तर सुरुवातीलाच दणकून लाव. एका रंगाची पाच पानं जुळवायची आस धरून बसलेल्यांना फुकटात पुढचं पान बघू देऊ नकोस. टेबलावर जोडी पडली तर तिकडी अधिक जोडी, तुझं घर भरलं, मग घाबरू नकोस. पण एकाच रंगाची तीन पडली, नाहीतर ओळीत तीन पडली, की समोर पाचांचा रंग किंवा ओळ असू शकते, ती तिकडीला मारते; सोडायची तयारी ठेव. पोटचं लेकरू नाही ते तुझं."

आणि एक गोष्ट त्यांनी कानात सांगितली होती. जाऊबाईंचा चष्मा कपाळावर चढला की समजायचं, त्यांच्या हातात खरोखर डाव आहे; धाकटीनं गुपचूप पानं टाकून बाजूला व्हायचं. धाकटीचा डाव असला की ती पदराचं टोक कमरेला खोचायची. त्या दोघी एकमेकींना कधी कापायच्या नाहीत, बाकीच्यांना मात्र सोलून काढायच्या. आता याला कोणी लबाडी म्हणेल, आणि ती होतीच. पण धाकटीला त्या लबाडीचा फार अभिमान होता. सासरी आपलं हक्काचं काय आहे असं तिला कोणी विचारलं असतं, तर तिनं हे गुपित सांगितलं असतं.

मग मामंजींचे हात थरथरायला लागले. कारखान्यात शिवणारे पुष्कळ, कापणारे एकटे मामंजी. सगळं कापड आणि सगळ्यांचं काम कापणाऱ्याच्या शब्दावर चालायचं. धाकटीला ते कटिंगचं टेबल हवं होतं, लहान पोरासारखं हवं होतं. मशीनवर वाकून तिची मान आखडली होती, पण खरं कारण ते नव्हतं. कापड अंथरलं की त्यातला पडदा तिला कात्री लागण्याआधीच दिसायचा. मामंजींची शिस्त अशी, की कात्री लावण्यापूर्वी माप दुसऱ्यानं तपासायचं. ते काम धाकटीचं. ती "बरोबर आहे" म्हणाली की मामंजी पुन्हा टेप हातात घेत नसत.

"तुम्हा दोघींतून मला निवडवत नाही," मामंजी म्हणाले. "तुमचं तुम्ही ठरवा."

जाऊबाईंनी धाकटीला गोदामात नेलं. "मला नकोय गं ते टेबल. दिवसभर उभं राहणं माझ्या गुडघ्यांना झेपणार आहे का? पण तू मागून घेतलंस असं कोणी म्हणायला नको. आपण डाव मांडू. नावापुरता. जिची बटणं संपतील, तिचं टेबल गेलं. मी थोडं इकडे तिकडे खेळेन आणि हरेन. झालं."

"जाऊबाई, तुम्हाला खरंच नको ना?"

"आता काय स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?"

धाकटीनं त्यांचे हात धरले. तिला रडूच आलं, आणि जाऊबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले.

डाव दुसऱ्या दिवशी दुपारी पडला. दोघींचे नवरे पडदे पोचवायला गेले होते. मामंजी पानं वाटत होते, इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून बघायला उभा राहिला. सुरुवातीला बटणं इकडून तिकडे नुसती फिरत राहिली. मग धाकटीच्या हातात दोन काळे राजे आले, आणि टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत बदामाचा राजा. बरोबर बदामाची तिर्री आणि इस्पिकची नव्वी. तीन राजे. यापेक्षा मोठी तिकडी तिथे होऊच शकत नव्हती. तिनं पदर खोचला आणि शिकवल्याप्रमाणे दणकून लावलं. जाऊबाईंनी तेवढीच बटणं टाकली. चौथं पान किलवरची दुर्री, निरुपद्रवी. धाकटीनं पुन्हा लावलं. जाऊबाई पुन्हा आल्या.

पाचवं पान बदामाची सत्ती. आता टेबलावर तीन बदाम झाले. हातात आणखी दोन बदाम असतील तर रंग होणार आणि राजे झोपणार. दुसऱ्या कशाचं भय नव्हतं. धाकटीनं हात आखडता घेतला. जाऊबाईंनी बटणांची अख्खी रास पुढे ढकलली, आणि चष्मा कपाळावर चढवला.

धाकटीनं राजांकडे पाहिलं. सोडवत नव्हते. तरी तिला बरंही वाटलं, की या गडबडीतही जाऊबाईंनी आठवणीनं तिला सावध केलं. तिनं पानं पालथी टाकली. "घ्या, तुमचं," ती हसून म्हणाली.

मामंजी पानं गोळा करू लागले. त्यांचा हात थरथरला आणि जाऊबाईंची चारही पानं टेबलावर उताणी पडली. बदामाचा एक्का, आणि बाकी तीन काळी, एकमेकांशी कसलंही नातं नसलेली. एकच बदाम. हातातली दोन लागतात. एकट्या एक्क्याचा रंग होत नाही. मात्र तो एक्का आपल्याकडे आहे, तेव्हा सगळ्यात मोठा रंग समोर नाही, एवढं जाऊबाईंना पक्कं ठाऊक होतं. भीती घालायला तेवढं पुरतं. हेही त्यांनीच कधीतरी शिकवलं होतं, दुसऱ्यांसाठी.

"वा," इस्त्रीवाला म्हणाला. त्याला चष्म्याचं काही माहीत नव्हतं. त्याला वाटलं, छान खेळल्या.

धाकटीच्या कानातून वाफ निघाल्यासारखं झालं. बटणांचं तिला काही नव्हतं. केसानं गळा कापला म्हणतात तो असा, आणि तोही आपणच ज्यांच्या मांडीवर मान ठेवली त्यांनी. "जाऊबाई," ती म्हणाली, "चष्मा."

"खेळ आहे गं," जाऊबाई पानांकडे बघत म्हणाल्या. चष्मा त्यांनी नाकावर घेतला होता.

"तुम्हाला टेबल नको होतं."

मामंजींनी मान वर केली. "तुझ्या आधीपासून शिवतेय मी इथे," जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला काय हौस नसेल? मला कोणी विचारलं कधी? तूसुद्धा विचारलंस ते 'नको ना' असंच." मग नेहमीच्या आवाजात, "वाटा, मामंजी."

त्यात थोडं खरं होतं, आणि म्हणूनच धाकटीला ते जास्त झोंबलं. टेबल हवं म्हणाल्या असत्या तर ती भांडली असती, रुसली असती, कदाचित दिलंही असतं. गोदामात डोळे कशाला पुसले?

पुढच्या डावात तिला दोन सत्त्या आल्या. टेबलावर सत्ती, अठ्ठी, नव्वी. पुन्हा तिकडी, पण सगळ्यात लहान, आणि तीही अशा टेबलावर जिथे दश्शी-गुलाम धरून बसलेल्याची ओळ कधीच लागून गेलेली. शहाण्यानं इथे एखादं बटण टाकावं, टेबलावर जोडी पडते का पाहावं, आणि न पडली तर मुकाट्यानं उठावं. हे धाकटीला पाठ होतं. ती दुसऱ्याला शिकवू शकली असती; तरी तिनं दणकून लावलं, आणि जाऊबाई मागोमाग आल्या.

चौथं पान राणी. जोडी नाही. शेवटचं पान दुर्री. जोडी नाही. जाऊबाईंनी सगळं पुढे ढकललं. मग त्या थांबल्या, धाकटीकडे सरळ पाहिलं, आणि चष्मा कपाळावर चढवला.

इस्त्रीवाल्याला ते नुसतं घाम पुसणं वाटलं असेल. धाकटीला मात्र हसू आलं, ओठांच्या कडेला, वाईट हसू. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. रागावलेला माणूस फुंकत नाही. तिनं उरलेली सगळी बटणं राशीवर ढकलली. "दाखवा."

जाऊबाईंनी दश्शी आणि गुलाम टेबलावर ठेवले.

"या वेळी खरं सांगत होते गं," त्या म्हणाल्या. "सोडायचं होतंस. थोडी बटणं राहिली असती, अजून खेळली असतीस."

धाकटीनं सत्त्या उलट्या करून ठेवल्या. ती बटणं डब्यात भरू लागली, रंगाप्रमाणे, नेहमीसारखी. मामंजींनी मोठी कात्री जाऊबाईंच्या पुढ्यात ठेवली. जाता जाता त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या सकाळी टेबलावर निळी मखमल अंथरलेली होती, महागातली. जाऊबाईंनी खडूनं रेघा मारल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि शिस्तीप्रमाणे हाक दिली, "धाकटे, माप बघतेस ना?"

धाकटी उठली. तिनं टेप धरला, चारही बाजू मोजल्या, मखमलीवरून तळवा फिरवून लव कुठे वळते ते पाहिलं. जाऊबाईंनी मारलेल्या रेघा अगदी नेमक्या होत्या. खोट काढायची इच्छा तिला झाली नाही असं नाही, पण कापडाशी ती तशी वागू शकत नव्हती.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

जाऊबाईंनी कात्री उचलली. मखमलीच्या काठाशी नेऊन थांबवली. त्यांनी धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग कात्री खाली ठेवली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, आणि टेप घेऊन पहिल्या टोकापासून पुन्हा मोजायला सुरुवात केली.